जुनी व्हीआरएस २३०, पोलो जीटीआय, अबार्थ पुंटो की ३३०आय? वापरलेल्यांकडून नेमकी माहिती हवी

ताम्हिणीकर

नमस्कार मंडळी,

बजेट सगळं धरून २५ लाख. त्यात गाडी, ट्रान्स्फर, विमा आणि पहिल्या वर्षात जे काही निघेल ते दुरुस्तीचं काम. नवीन घ्यायची तर व्हर्टस किंवा स्लाव्हिया १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) बसते. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, पार्टची ददात नाही. पण मागे ड्रम ब्रेक आहेत आणि मला मुद्दाम वेगवान म्हणून बनवलेलीच गाडी हवी आहे.

वापर असा: रोज पुण्यातली गर्दी (कर्वे रोड, नळ स्टॉप, बंड गार्डन), अधूनमधून कोल्हापूर, आणि पावसाळा सोडून ताम्हिणी आणि वरंधा. घरात दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही चार दिवस गॅरेजला पडली तरी चालेल. महिनाभर पडलेली चालणार नाही.

यादीत चार आहेत: स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, फोक्सवॅगन पोलो जीटीआय, फियाटची अबार्थ पुंटो आणि बीएमडब्ल्यू ३३०आय. कोणती "भारी" हे नको. प्रत्येकीत काय बिघडतं, का बिघडतं आणि घेण्याआधी ते कसं ओळखायचं, एवढं सांगा. पेट्रोल आणि टायरबद्दलही कुणी लिहिलं तर बरं.

सहावा_गिअर

व्हीआरएस २३० बद्दल लिहितो, बाकीच्यांवर इतर जाणकार बोलतीलच.

२०१७ च्या सप्टेंबरात आली तेव्हा २४.६२ लाख एक्स-शोरूम होती आणि ठरवलेल्या ५०० गाड्या हातोहात गेल्या. २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मॉडेल डीक्यू२५०. कंपनीचा ०-१०० चा आकडा ६.८ सेकंद. पण या गाडीचं खरं काम साठ ते शंभरमध्ये दिसतं. दीड हजार आरपीएमपासून पूर्ण टॉर्क हातात असल्यामुळे खंबाटकीच्या चढावर दोन ट्रक ओलांडायला गिअर खाली टाकायचीही गरज पडत नाही. शिवाय ५९० लिटरची डिकी आहे, चार माणसं सामानासकट कोल्हापूरला आरामात जातात.

कमकुवत बाजू: सगळा भार पुढच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला पाय दाबला की चाकं घसरतात आणि नुसती घसरत नाहीत, उड्या मारतात. गिअरबॉक्सखालच्या पेंड्युलम माउंटचं रबर मऊ झालं की या उड्या वाढतात. टेस्ट ड्राइव्हला डी मध्ये ब्रेक दाबून ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरला हलका स्पर्श करून सोडा. इंजिन पुढे-मागे धडकल्यासारखं वाटलं तर माउंट गेला समजा. काम मोठं नाही, पण भावात सांगायला उपयोगी.

आता इंजिन. ईए८८८ तिसऱ्या पिढीचं आहे, चेनवर चालतं, त्यामुळे टायमिंग बेल्टचा खर्च नाही. यातली सगळ्यात ठरलेली तक्रार म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. उष्णतेने प्लास्टिक वाकतं, सील बसत नाही आणि कुलंट थेंब-थेंब झिरपतं. गरम इंजिनवर पडून ते वाळतं, त्यामुळे गाडीखाली डाग दिसत नाही. ओळखायचं असं:

गाडी सकाळी, पूर्ण थंड असताना बघायला जा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. कुलंटच्या डब्यातली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. टॉर्च घेऊन मॅनिफोल्डखाली आणि गिअरबॉक्सच्या माथ्यावर बघा. गुलाबी-पांढरी खपली दिसली की गळती आहेच. गाडी चालवून आल्यावर बॉनेट उघडताना गोडसर वास येतो का, तेही बघा. डब्यात हिरवं कुलंट दिसलं तर कुणीतरी बाहेर भलतंच भरलंय. या इंजिनाला गुलाबी जी१३ आणि डिस्टिल्ड वॉटर, अर्धं-अर्धं. हाउसिंग बदलताना पंपाचा छोटा दातेरी बेल्टही त्याच वेळी बदला, कारण तिथे पोचण्याची मजुरी पार्टपेक्षा बोचते.

त्याच थंड स्टार्टला कान द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडली तर चेन टेन्शनर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग आयडलला ऑइलच्या बुचाला हात घाला. बूच सहज निघायला हवं. आतून जोरात ओढलं जात असेल, शिट्टी येत असेल आणि काढल्यावर आरपीएम डगमगत असेल तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटलाय.

इंजिन ऑइल ५.७ लिटर, ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं. दर १५,००० ला बदला असं पुस्तकात असलं तरी पुण्याच्या गर्दीत १०,००० च्या पुढे जाऊ नये. गाडी किलोमीटरवर नाही, तासांवर म्हातारी होते, आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला मीटर पळत नसतो, इंजिन चालू असतं.

डीएसजीबद्दल थोडं सविस्तर, कारण या गाडीत पैसे वाचवायला लोक नेमके इथेच टाळाटाळ करतात. डीक्यू२५० चं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० ला. पहिला मालक ५५,००० ला विकतो आणि दुसऱ्याला वाटतं झालं असेल. बिल मागा. बिल नसेल तर काम झालेलं नाही असं धरून चाला. पद्धत अशी: खालचं ड्रेन बूच काढलं की थोडंसंच ऑइल येतं, कारण आत प्लास्टिकची ओव्हरफ्लो नळी असते. ती ८ एमएमच्या अ‍ॅलनने सोडवली की उरलेलं साधारण पाच लिटर येतं. वरच्या काळ्या डब्यातला फिल्टर बदलायचा, नळी परत बसवायची, ५.२ लिटर भरायचं. मग इंजिन सुरू करून स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान बघायचं. ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यानच बूच उघडून जादा ऑइल ठिबकू द्यायचं, धार संपून थेंब झाले की बूच बंद. गरम गाडीवर पातळी लावली तर ऑइल फुगलेलं असतं, जास्त ओघळून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी पडते. मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके येतात आणि दोष मेकॅट्रॉनिकवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर, जातो. तुमचा गॅरेजवाला स्कॅनर न लावता हे काम करणार असेल तर गाडी दुसरीकडे न्या.

२४५ चा विचार डोक्यात आला असेल तर: २०२० मध्ये २०० गाड्या आल्या, ३५.९९ लाखाला. ३७० न्यूटन मीटर, सात गिअर आणि पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी ताकद दुसऱ्याकडे वळवणारं). घाटात वळणातून बाहेर पडताना हा शेवटचा भाग २३० पेक्षा फार वेगळा वाटतो. पण बजेट बघता ती बाजूलाच ठेवा.

कोरडा_क्लच

पोलो जीटीआय. २०१६ च्या नोव्हेंबरात फक्त ९९ गाड्या विक्रीला आल्या. तीन दारं, १.८ टीएसआय, १९२ पीएस, ७.२ सेकंद. आकाराला लहान, वजनाला हलकी, आणि सरळ रस्त्यावर व्हीआरएसला सहज सोडत नाही. चालवायला मला ती यादीतली सगळ्यात उत्साही गाडी वाटते.

तरी तुमच्या वापराला मी नाही म्हणेन, आणि कारण एकच: डीक्यू२००. सात गिअर, कोरडे क्लच. या गिअरबॉक्सची सहनशक्तीच २५० न्यूटन मीटर, म्हणून या इंजिनाचा टॉर्कही तेवढ्यावर अडवलाय. परदेशात मॅन्युअल गिअरबरोबर हेच इंजिन ३२० देतं. म्हणजे गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून काठावर काम करतो. त्यात कोरड्या क्लचला थंड करायला तेल नाही. गर्दीत गाडी रांगते तेव्हा क्लच अर्धवट घसरत असतो, सगळी उष्णता प्लेटमध्येच राहते, प्लेटवर काच चढल्यासारखा थर येतो आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर सुरू होते. कर्वे रोडवर संध्याकाळी सहा वाजता नेमकं हेच घडतं.

दुसरा भाग मेकॅट्रॉनिक. त्यातल्या प्रेशर अ‍ॅक्युम्युलेटरच्या बुडाशी अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो, दाब टिकत नाही, पंप सारखा चालू राहतो. आधी मीटरमध्ये पान्याचं चिन्ह चमकतं, मग गिअर पडेनासे होतात. स्कॅनमध्ये पी१७बीएफ कोड आला तर संशय इथेच घ्यायचा. इग्निशन बंद करून शांत जागेत उभे राहा. दार उघडल्यावर पंपाची घुर्र ऐकू येणं साहजिक आहे, पण ती दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा येत असेल तर दाब गळतोय.

तपासायचं झाल्यास व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा स्कॅनर घेऊन जा आणि गाडी गरम असताना अर्धा तास गर्दीतच चालवा. रिकाम्या रस्त्यावर डीक्यू२०० नेहमीच गुळगुळीत चालतो. हलक्या चढावर थांबून ब्रेक सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी रांगू द्या. थरथर असेल तर तिथे लपत नाही.

पार्टचं म्हणाल तर इंजिन-गिअरबॉक्सच्या वस्तू फोक्सवॅगन ग्रुपच्या इतर गाड्यांतून मिळतात. अडतं ते अंगावरच्या वस्तूंना: लांब दारं, मागच्या बाजूच्या काचा, पुढचा-मागचा बंपर, एलईडी हेडलाइट. चाकणला बनलेल्या साध्या पोलोचा बंपर तिला लागत नाही. म्हणजे एका किरकोळ धडकेत "महिनाभर पडलेली चालणार नाही" ही तुमची अट मोडते. संग्रही ठेवायला घ्यायची असेल तर मात्र यादीत पहिली हीच.

रांजणगाव_१४

अबार्थ पुंटोची बाजू कुणी घेतली नाही तर अन्याय होईल. ऑक्टोबर २०१५, ९.९५ लाख एक्स-शोरूम, आपल्या रांजणगावला बनलेली. १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क, उंची साध्या पुंटोपेक्षा २० एमएमने कमी. कंपनीचा आकडा ८.८ सेकंद. कागदावर ती बाकी तिघींच्या मागे आहे. पण ताम्हिणीत मुळशी सोडल्यावर जी एकामागून एक वळणं लागतात तिथे ८० च्या पुढे जायचंच नसतं, आणि त्या वेगाला या गाडीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याची प्रत्येक रेघ हाताला सांगतं. व्हीआरएसचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग अचूक आहे, पण एवढं बोलत नाही.

आता दोष. क्लच जड, गिअरचा दांडा लांब फिरतो, दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली. शहरात डावा पाय दुखतो, हे खरं आहे.

टायमिंग बेल्ट आधी विचारा. किलोमीटर कितीही कमी असोत, पाच वर्षं झाली की बेल्ट बदलायचा. रबर वयाने मरतं, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भेटतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे, म्हणून किट घेताना बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्रच घ्या. नुसता बेल्ट बदलला आणि वर्षाने पंप गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. बिल नसलेल्या गाडीवर घरी आणल्यावर पहिलं काम हेच.

ऑइल जेमतेम तीन लिटर बसतं. एवढ्याशा ऑइलवर टर्बो आणि इंजिन दोन्ही थंड ठेवायचे असतात, म्हणून ७,५०० च्या पुढे ओढू नका आणि डिपस्टिक दर पंधरवड्याला बघा. अर्धा लिटर कमी म्हणजे इथे सहावा हिस्सा कमी. घाट चढून वर थांबलात की लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा. नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच करपतं.

बघताना: पूर्ण लॉकला स्टिअरिंग फिरवून खाली वाका आणि पॉवर स्टिअरिंगचा दाबाचा पाइप आणि रॅकचे बूट ओले आहेत का बघा. तिसऱ्या गिअरला दोन हजारावरून पूर्ण पाय द्या. ओढ येताना मध्येच सूं असा आवाज येऊन गाडी मंदावली तर इंटरकूलरचा होज फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. स्पीडब्रेकरवर पुढून टक-टक आली तर लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रटच्या डोक्यावरचा माउंट. हे सगळं साध्या गॅरेजला होतं.

सर्व्हिसचे पार्ट अजून मिळतात, कारण साध्या पुंटो आणि लिनियाबरोबर बऱ्याच वस्तू समान आहेत. फक्त अबार्थच्याच अशा गोष्टी, म्हणजे ते १६ इंची अलॉय, बंपर, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, मिळतील तेव्हा घेऊन ठेवायच्या.

तुमचं २५ लाखांचं बजेट या गाडीत निम्मंही लागणार नाही. उरलेल्या पैशांतून चांगले टायर आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे होईल.

झेडएफ_आठ

३३०आय म्हणताना कोणती, हे आधी ठरवा. जुनी, एफ३० पिढीतली ३३०आय २५२ पीएस, ३५० न्यूटन मीटर. २०१९ ची, जी२० पिढीतली २५८ पीएस आणि ४०० न्यूटन मीटर, ५.८ सेकंद. दोन्हींत बी४८ इंजिन आणि झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. मागची चाकं ढकलतात, त्यामुळे वर सांगितलेल्या उड्या आणि ओढाताण हा प्रकारच नाही. आणि रोजच्या गर्दीसाठी या चारांतला सगळ्यात शांत गिअरबॉक्स हाच. थांबत-चालत गाडी हाकताना यात झिजणारा क्लच नाही, काम कन्व्हर्टरमधलं ऑइल करतं.

बीएमडब्ल्यू या गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं म्हणते. झेडएफ स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं सांगते. मी झेडएफचं ऐकेन. २०१७ च्या गाडीचं वय कधीच झालंय. फिल्टर प्लास्टिकच्या तेलपात्रातच बसवलेला असतो, त्यामुळे पात्रच बदलावं लागतं. नुसतं ऑइल काढून भरणं म्हणजे जुना फिल्टर आतच ठेवणं.

बी४८ चं दुखणं प्लास्टिक आणि गास्केट. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गास्केट कडक होऊन तिथून ऑइल किंवा कुलंट झिरपतं, व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट गळून ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतं आणि सिग्नलला जळका वास येतो. एसी बाहेरची हवा घेईल असा ठेवून पाच मिनिटं उभे राहा, वास आत येतोच. गाडीखालचं आवरण सोडवून बघितल्याशिवाय ही गाडी घेऊ नका. वरून सगळं स्वच्छ दिसतं, ऑइल खालच्या फोममध्ये मुरलेलं असतं.

बॅटरी बदललेली असेल तर ती संगणकात नोंदवली का, हे विचारा. नोंदवली नाही तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहते आणि ती वर्ष-दोन वर्षांत बसते.

टायरचा खर्च मनात धरा. रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतात. त्यांच्या कडा ताठ, आणि चांदणी चौकाच्या पुढे किंवा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला एक खोल खड्डा लागला की साइडवॉलला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. चारही टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, फुगा बहुतेक वेळा आतल्या बाजूला असतो. रिमही आतून वाकलेलं असू शकतं. ९० ते १०० ला स्टिअरिंग थरथरलं तर चाकं काढून बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या.

ताम्हिणीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डीक्यू२०० ची माहिती वाचून जीटीआय यादीतून काढली. आता व्हीआरएस २३० आणि अबार्थ यांतच मन अडकलंय.

एक व्हीआरएस दिसते आहे. २०१८ ची, कर्नाटक पासिंग, ६२,००० किमी. आधी स्टेज १ केलं होतं, आता परत स्टॉक, म्हणजे कंपनीसारखं, केलंय असं विकणारा म्हणतो. हे खरं-खोटं कसं करायचं? आणि गाडी इकडे आणायची तर कागदपत्रं काय?

सहावा_गिअर

स्टेज १ म्हणजे ईसीयूतला (इंजिनाच्या संगणकातला) प्रोग्राम बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवणं. स्टॉक फाइल परत टाकली तरी खूण बहुतेक वेळा राहते. फोक्सवॅगन ग्रुपच्या अधिकृत सर्व्हिसला ईसीयूतल्या प्रोग्रामची मूळ प्रोग्रामशी तुलना केली जाते आणि बदल सापडला तर गाडीच्या नोंदीवर टीडी१ असा शिक्का बसतो. गाडी तिथे तपासायला नेऊन तो आहे का, हे विचारा. शिक्का नाही म्हणजे बदल झालाच नाही असं मात्र नाही, कदाचित गाडी तिथे गेलीच नसेल. स्कॅनरवर ईसीयू किती वेळा प्रोग्राम झालाय तो आकडाही बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोखंड काय सांगतं. डाउनपाइपच्या नट-बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा, नवे चकचकीत क्लॅम्प दिसले तर कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून पुन्हा बसवलंय का विचारा. स्कॅनमध्ये कॅटॅलिटिकचा रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच घेतलेली चाचणी, पूर्ण झालेला दिसला पाहिजे. नुकतेच सगळे कोड पुसले असतील तर मॉनिटर अपूर्ण दिसतात. अशा वेळी विकणाऱ्याला सांगा, गाडी आठवडाभर चालव, मी परत येतो.

स्टेज १ ने इंजिन लगेच खराब होत नाही. ताण क्लचवर येतो. चौथ्या गिअरला मॅन्युअल मोडमध्ये दोन हजारावरून पूर्ण पाय द्या. गाडीचा वेग न वाढता आरपीएम क्षणभर वर उडाला तर क्लच घसरतोय, आणि तिथून पुढे हा व्यवहार करू नये. स्पार्क प्लगही काढून बघा. स्टेज १ वर चाललेल्या गाडीत ते ३०,००० लाच बदलायला हवेत. चारही प्लगचा रंग सारखा हवा.

६२,००० म्हणजे डीएसजीची सर्व्हिस नेमकी वर आलेली आहे. बिल दाखव, नाहीतर तेवढे कमी कर, इतकं सरळ बोला.

आरटीओ_फॉर्म

कागदांचं मी सांगतो. कर्नाटकातून फॉर्म २८ वर एनओसी काढावी लागेल. कर्ज असेल तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन बोजा उतरवा. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, इकडे नवा नंबर घ्यायला फॉर्म २७. महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि कर्नाटकात भरलेल्यापैकी उरलेल्या काळाचा परतावा तिथल्या आरटीओकडे मागावा लागतो. परतावा वेळ घेतो, तो मिळाला असं धरून बजेट करू नका. पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावरच द्या. वाहन पोर्टलवर गाडी काळ्या यादीत आहे का आणि चलनं थकलेली आहेत का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

बदलांबद्दल: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. अपघातात विमा कंपनी हेच शोधते. स्टॉक ठेवलेली व्हीआरएस पुरेशी वेगवान आहे.

थंड_टायर

टायर, ब्रेक आणि पेट्रोल यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वेगवान गाडी घेणारा सगळा पैसा इंजिनावर तपासतो आणि थांबवणाऱ्या वस्तू तशाच राहतात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा वर्षांपुढचा टायर या वर्गाच्या गाडीत ठेवू नये. रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर सगळ्यात आधी तेच दगा देतं. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत तासन् तास काँक्रीटवर चालवायचं असेल तर हे अजून महत्त्वाचं. हवा थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे भरा. पंपावर गरम टायरमध्ये भरलेली हवा सकाळी कमी निघते, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, कडेपासून फाटतो.

ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी, किलोमीटर न बघता. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ च्या मानकाप्रमाणे ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. वरंधा उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की कॅलिपर तेवढा सहज तापतो, वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून उतारावर गिअर खाली टाका. डीएसजीत मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा धरा आणि ब्रेक थोडा-थोडा, जोरात दाबून सोडा. टेस्ट ड्राइव्हला ८० वरून मोकळ्या रस्त्यावर लागोपाठ तीनदा जोरात ब्रेक लावा. तिसऱ्या वेळी पेडल पहिल्यासारखंच ताठ हवं आणि स्टिअरिंग थरथरायला नको.

पेट्रोल: व्हीआरएसला ९५ ऑक्टेन सांगितलंय. त्याहून कमी ऑक्टेनवर ती बंद पडत नाही, पण नॉक सेन्सर ठिणगी उशिरा टाकायला लावतो आणि मे महिन्याच्या दुपारी ओढ कमी झालेली जाणवते. एक्सपी९५, स्पीड ९७ किंवा एक्सपी१०० यांपैकी जे तुमच्या रोजच्या वाटेवर ताजं मिळतं ते धरा. एक्सपी१०० महाग आहे आणि स्टॉक गाडीला ९५-९७ पुरतं. शंका असेल तर व्हीसीडीएसवर चारही सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती अंश उशिरा पडते) बघत तिसऱ्या गिअरला एक ओढ घ्या. सारखा तीन-चार अंशांच्या वर जात असेल तर पेट्रोल बदलून पुन्हा बघा, तरी राहिला तर प्लग आणि कॉइल तपासा.

आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आहे, आणि २०१५ ची अबार्थ त्या काळासाठी बनलेली नाही. घेतलीत तर टाकी ते इंजिन या वाटेवरचे रबरी होज दर सर्व्हिसला बोटांनी दाबून बघा. चिकट किंवा फुगलेला लागला की इथेनॉल चालणाऱ्या होजने बदला. महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफच पेट्रोलमध्ये उतरते.

रांजणगाव_१४

वरच्या होजच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. टाकीवरचा छोटा वाफेचा होजही त्यातच धरा, तो मागची सीट उचलल्याशिवाय दिसत नाही आणि म्हणून राहून जातो.

ताम्हिणीकर, दोन्हींत मन अडकलंय म्हणताय तर एक सुचवतो. रोज ऑफिसला हीच गाडी न्यायची असेल तर व्हीआरएस. अबार्थचा क्लच रोजच्या गर्दीत तुम्हाला आठवड्यात नकोसा होईल. घरची दुसरी गाडी ऑफिसला जाणार असेल आणि ही फक्त घाटासाठी आणि कोल्हापूरसाठी, तर अबार्थ घ्या आणि बेल्टचं किट पहिल्याच आठवड्यात टाका.

ताम्हिणीकर

ऑफिसला रोज हीच जाणार आहे, म्हणजे व्हीआरएस. शनिवारी सकाळी बेळगावला गाडी बघायला जातोय. थंड इंजिन ठेवायला सांगितलंय, टॉर्च आणि स्कॅनर बरोबर आहेत. डीएसजीचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलंय. अजून काय राहिलं?

सहावा_गिअर

आधी अर्ध्या तासाची टेस्ट ड्राइव्ह, मग लिफ्टवर गाडी उचलायला सांगा, नाहीतर नुकतीच पुसलेली गळती दिसत नाही. वर असताना ड्राइव्ह शाफ्टचे बूट आणि पुढच्या बंपरची खालची बाजू बघा. व्हीआरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली आहे, स्पीडब्रेकरला घासून रेडिएटरखालचं प्लास्टिक तुटलेलं असतं आणि ते नसलं की हवा वाट चुकते, गर्दीत इंजिन तापतं. पोचल्यावर, इंजिन थंड असतानाच, कुलंटच्या डब्यावर पातळीला मार्करने रेघ मारा, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, विकणाऱ्याकडून त्याच डब्याचा फोटो मागवा.